अकरा तारखेची पहाट

टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम देण्याच्या खिडकीत, कमांड लिहून एंटर दाबले की पहिले दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. त्या वेळात पायटेस्ट, म्हणजे पायथन या भाषेतला कोड तपासणारे साधन, सगळे फोल्डर धुंडाळून कोड ठरल्याप्रमाणे चालतो का हे पाहणाऱ्या चाचण्या गोळा करत असते. मग ती एका ओळीत त्यांची संख्या सांगते आणि ठिपके पडू लागतात. एक ठिपका म्हणजे एक चाचणी उत्तीर्ण. नापास झालेली चाचणी ठिपक्याच्या जागी 'एफ' हे अक्षर ठेवते, चाचणीची पूर्वतयारीच फसली तर 'ई' येते, आणि मुद्दाम वगळलेल्या चाचणीसाठी लहान 'एस' येतो. ओळीच्या उजव्या टोकाला टक्केवारी वाढत जाते. गेली अनेक वर्षे मी रोज दहा-पंधरा वेळा हे ठिपके पाहतो आहे आणि अजूनही ते पडत असताना मला दुसरे काम सुचत नाही. हात कीबोर्डवरून बाजूला घेऊन मी ते पाहत बसतो.

आम्ही दूध संकलनाची प्रणाली लिहितो. गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालायला माणसे येतात, दुधाचे माप होते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) तपासले जाते, त्यावरून लिटरचा दर ठरतो आणि पावती निघते. महिन्याच्या १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते अखेर अशा तीन टप्प्यांत बिल होते. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर त्याच्या वर-खाली सरकतो. ऐकायला हे सोपे आहे, पण दरपत्रके, कपाती, उचल, पशुखाद्याचे हप्ते, वीज गेल्यावर अर्धवट राहिलेल्या नोंदी असे सगळे धरले की आमच्या चाचण्यांची संख्या अठराशेच्या वर जाते. माणसाने हे सगळे हाताने तपासायचे म्हटले तर एका बदलामागे कित्येक आठवडे जातील. टर्मिनलवर ते चार मिनिटांत होते.

मात्र ठिपके आणि रंग हे सगळे आपल्यासारख्या पाहणाऱ्यांसाठी असते. यंत्राला त्यातले काही कळत नाही. कमांड संपताना ती मागे एकच आकडा ठेवते, ० ते २५५ यांपैकी एक, आणि युनिक्स या संगणकप्रणालीच्या जगात ० म्हणजे काम ठीक झाले व अन्य कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिघडले. कमांड वाचून चालवणाऱ्या बॅश या प्रोग्राममध्ये डॉलर आणि प्रश्नचिन्ह ही दोन चिन्हे जोडून विचारले की शेवटच्या कमांडचा हा आकडा मिळतो. पायटेस्टने यात थोडा अधिक तपशील ठेवला आहे: सगळे उत्तीर्ण तर ०, काही नापास तर १, मध्येच कोणी थांबवले तर २, तिच्या स्वतःच्या पोटात बिघाड झाला तर ३, कमांडच चुकीची लिहिली तर ४, आणि चालवण्याजोगी एकही चाचणी सापडली नाही तर ५. रात्री आमचा सर्व्हर कोड घेतो, चाचण्या चालवतो आणि हा आकडा ० असेल तर नवी आवृत्ती शंभरावर गावांतल्या संगणकांवर पाठवतो. त्या वेळी आम्ही झोपलेलो असतो. आमच्या वतीने तो एक शून्य निर्णय घेतो, आणि म्हणून तो शून्य खरा आहे का, हा प्रश्न मला चाचणी लिहिण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. हे मला पुस्तकातून कळले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली एक मुलगी रात्रीच्या चाचण्यांचे जुने लॉग, म्हणजे नोंदफायली, चाळत बसली होती. तिला सराव म्हणून एक किरकोळ काम दिले होते, चाचण्यांना रोज किती वेळ लागतो याचा तक्ता करण्याचे. थोड्या वेळाने तिने विचारले, "दादा, ठिपक्यांच्या मध्ये हा एफ रोज का दिसतोय?" मी तिच्या पडद्याकडे पाहिले. अकरा रात्रींच्या अकरा फायली होत्या आणि प्रत्येकीत, साधारण त्याच जागी, एक एफ होता. खाली लाल अक्षरांत व्यवस्थित लिहिलेलेही होते की ३४.१३ अपेक्षित होते आणि ३४.१२ मिळाले. त्या अकराही रात्री सर्व्हरने शून्य पाहिला होता आणि आवृत्ती गावोगाव पाठवली होती.

कारण सापडायला अर्धा तास लागला. चाचण्यांचा मजकूर पडद्यावर दिसावा आणि फायलीतही जपला जावा, म्हणून कोणीतरी पायटेस्टच्या पुढे उभी रेघ काढून 'टी' ही कमांड जोडली होती. नळकाम करणारे ज्या तीन तोंडांच्या जोडाला टी म्हणतात त्यावरूनच या कमांडचे नाव आले आहे. एका बाजूने येणारा प्रवाह ती दोन बाजूंना सोडते. उभ्या रेघेची ही नळजोडणी १९७३ मध्ये बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये आणली, आणि कमांड लाइनवर काम करणारा प्रत्येक जण दिवसातून अनेकदा ती वापरतो. पण जोडलेल्या कमांडपैकी शेवटची जो आकडा देईल तोच संपूर्ण जोडणीचा आकडा धरला जातो. पायटेस्ट १ सांगत होती आणि टीचे काम, म्हणजे मजकूर फायलीत उतरवण्याचे, निर्दोष पार पडत होते, त्यामुळे टी ० सांगत होती. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'सेट डॅश ई' लिहिलेले होते, म्हणजे कोणतीही कमांड फसली तर तिथेच थांब, आणि आम्ही सगळे त्या ओळीच्या भरवशावर होतो. ती ओळसुद्धा जोडणीचा शेवटचाच आकडा पाहते.

उपाय एका शब्दाचा होता. 'पाइपफेल' हा पर्याय सुरू केला की जोडणीतली कोणतीही कमांड फसली तरी तिचा आकडा बाहेर येतो. बॅशमध्ये ही सोय २००४ च्या ३.० आवृत्तीपासून आहे, आणि युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या २०२४ च्या पॉझिक्स मानकात तिला अधिकृत जागाही मिळाली. आता आमच्या कोणत्याही स्क्रिप्टमध्ये हा शब्द नसेल तर मी ती पुढे जाऊ देत नाही.

त्या एका पैशाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. ३४.१२५ ही रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत आणायची असेल तर आपण शाळेत शिकलो त्याप्रमाणे ३४.१३ होते, आणि संस्थेचे दरपत्रकही तसेच सांगते. पायथनमधले 'राउंड' मात्र बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते, त्यामुळे ते ३४.१२ देते. यात पायथनचे काही चुकत नाही. बेरजा मोठ्या असतात तिथे एकाच दिशेला कल राहू नये म्हणून केलेली ती योजना आहे. आमच्या कोडमध्ये पूर्वी पायथनचा डेसिमल हा दशांश-हिशेबाचा प्रकार वापरून निवडलेली, शाळेतली पद्धत होती आणि कोणीतरी साफसफाई करताना ती काढून राउंड लावले होते. लिटरमागे एक पैसा, तोही सगळ्या नोंदींत नव्हे. वीस लिटर दूध घालणाऱ्याचे एका वेळचे वीस पैसे. पुढच्या बिलात आम्ही 'मागील फरक' या नावाने ओळ घालून ते सगळे पैसे दिले, आणि एका संस्थेतल्या एका आजोबांनी ती ओळ कशाची आहे हे सचिवांना तीनदा विचारून घेतले, असे मला नंतर कळले. पावतीवरचा पैसा माणसे किती बारकाईने पाहतात हे ज्याने गावात पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. सकाळी चारला उठून, गोठा झाडून, धार काढून आणलेले ते दूध असते.

तो बदल नेमका कोणत्या कमिटने, म्हणजे कोडमधल्या कोणत्या नोंदवलेल्या बदलाने, आला हे शोधायलाही तोच आकडा उपयोगी पडला. कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये 'बायसेक्ट रन' अशी सोय आहे. शेवटची चांगली आवृत्ती कोणती आणि वाईट कोणती एवढे सांगून पुढे एक कमांड द्यायची, की गिट मधल्या कमिटवर जाऊन ती कमांड चालवते, ० आला तर इथपर्यंत चांगले, १ आला तर वाईट, आणि दर वेळी शोधायचा पल्ला निम्मा करते. एखाद्या कमिटवर कोड उभाच राहत नसेल तर १२५ हा आकडा द्यायचा, म्हणजे गिट ते कमिट बाजूला ठेवते. आमची सव्वाशेच्या आतबाहेरची कमिट होती. सात पावलांत, अर्ध्या मिनिटात, गिटने बोट ठेवले. बदल पाच ओळींचा होता आणि वर 'किरकोळ साफसफाई' असे लिहिले होते. त्याला तपासून मान्यता देणारा मी होतो. चाचणी लिहिणाऱ्याने आपले काम केले होते, चाचणीने स्वतःचे केले होते, पायटेस्टने अकरा वेळा सांगितले होते, आणि मधल्या एका जोडावर तो आवाज अडला होता. अठराशे चाचण्या लिहून झाल्यावरही जपायला लागते ते हे जोड.

तेव्हापासून मी खोट्या शून्यांचा शोध घेऊ लागलो आणि ते किती निघाले याने मी अस्वस्थ झालो. एका स्क्रिप्टमध्ये कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा देऊन 'ट्रू' लिहिलेले होते, म्हणजे काहीही झाले तरी शून्य दे. कधीतरी घाईत तात्पुरते लिहिलेले ते वर्षभर तसेच होते. एका फाइलचे नाव 'टेस्ट्स' या अनेकवचनाने सुरू होत होते. पायटेस्ट मुळात 'टेस्ट' आणि अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या किंवा अधोरेषा आणि 'टेस्ट' यांनी संपणाऱ्या फायली उचलते, त्यामुळे त्या फाइलमधल्या तेवीस चाचण्या कोणी कधी चालवल्याच नव्हत्या. त्यांतल्या दोन नापास होत्या. पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्टचे वागणे तर मला फार दिवस खटकत होते, कारण तिला एकही चाचणी सापडली नाही तरी ती '० चाचण्या चालवल्या' असे लिहून खाली 'ओके' म्हणत असे आणि शून्य देत असे. २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ पासून तिने अशा वेळी ५ हा आकडा द्यायला सुरुवात केली. ती बातमी वाचली त्या दिवशी मला झालेला आनंद घरात कोणाला समजावून सांगता आला नाही.

या बाबतीत पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांना फार आधी शहाणपण सुचले होते. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यासोबत चाचण्या होत्या आणि त्यांची बोलण्याची रीत अगदी साधी होती. आधी एका ओळीत १ पासून किती चाचण्या होणार आहेत ते जाहीर करायचे, आणि मग प्रत्येकीसाठी 'ओके' किंवा 'नॉट ओके' लिहून तिचा क्रमांक द्यायचा. पुढे तिला टॅप हे नाव मिळाले आणि ती इतर भाषांतही गेली. मला त्यातली पहिली ओळ फार आवडते. चाळीस चाचण्या होतील असे आधी सांगितले आणि सदतिसावीनंतर प्रोग्राम गपकन मेला, तर सदतीस 'ओके' मिळूनही मोजणारा म्हणू शकतो की तीन कुठे गेल्या. पंगतीत पाने आधी मोजून ठेवणाऱ्या माणसासारखी ती ओळ आहे. आम्हीही आता चाचण्यांची किमान संख्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि गोळा झालेली संख्या त्याखाली गेली तर रात्रीचे काम थांबते.

इंटरनेट नसते तेव्हा संकलन केंद्रातला संगणक नोंदी स्वतःजवळ एसक्यूलाइटमध्ये ठेवतो. या डेटाबेसच्या कर्त्यांनी २०२३ च्या ३.४२.० आवृत्तीच्या वेळी आपला हिशेब मांडला होता: मूळ कोडच्या सुमारे १,५६,००० ओळी आणि त्याच्या ५९० पट चाचण्यांचा कोड. भर उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, संगणक बंद पडतो, परत येते, आणि सकाळच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी असतात, तेव्हा त्या ५९० पटीतला काही भाग आमच्या गावात कामाला आलेला असतो.

खोट्या शून्याबद्दल एवढे लिहिले, पण माझ्या हातून झालेली मोठी चूक खऱ्या एफबद्दलची आहे.

त्या वर्षी दिवाळीला मी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी होतो. घरात पहाटे कोणी झोपत नाही, म्हणून मीही पावणेपाचला लॅपटॉप उघडून बसलो आणि सुट्टीनंतरच्या आवृत्तीची तयारी म्हणून सगळ्या चाचण्या चालवल्या. ठिपक्यांच्या तिसऱ्या ओळीत एफ आला. चाचणी साधी होती: आत्ता या क्षणी एक नोंद कर, आणि तिची संकलनाची तारीख आजचीच आहे ना ते पाहा. अपेक्षित तारीख आजची होती आणि मिळालेली कालची. तेवढ्यात आईने अभ्यंगस्नानासाठी हाक मारली. आंघोळ झाली, फराळ झाला, साडेआठला मी परत बसलो आणि फक्त मागच्या वेळी नापास झालेल्या चाचण्या पुन्हा चालवणारा पर्याय देऊन तीच कमांड दिली. एक ठिपका पडला. हिरवी ओळ आली. आमच्या धंद्यात अशा कधी हो तर कधी नाही म्हणणाऱ्या चाचणीला फ्लेकी म्हणतात, आणि हा शब्द एकदा चिकटवला की माणसाचा विचार थांबतो. मी वहीत लिहिले, 'तारखेची टेस्ट फ्लेकी आहे, वेळ मिळाल्यावर पाहू', आणि वही मिटली.

एप्रिलच्या मध्याला एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, नवल होते. "साहेब, अकरा तारखेचं सकाळचं दूध मागच्या बिलात गेलंय. सगळ्यांचं नाही हो, पहिल्या पंधरा-वीस जणांचंच. रांगेत पुढं उभं राहणाऱ्यांनी काय पाप केलंय?"

मी त्यांना नोंदींच्या वेळा विचारल्या. त्यांनी पावत्यांवरून वाचायला सुरुवात केली, पाच वाजून दहा, पाच वाजून बारा, पाच वाजून तेरा, आणि ते वाचत असतानाच मला दिवाळीची पहाट आठवली. पुढचे त्यांना वाचायला लावण्याची गरज नव्हती, पण मला त्यांना थांबवता आले नाही. शेवटची चुकीची नोंद पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांची होती. पाच बत्तीसपासून पुढे सगळे बरोबर होते.

आमचा सर्व्हर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे अकरा तारखेच्या पहाटे ५ वाजून १० मिनिटे झालेली असतात तेव्हा तिथे दहा तारखेच्या रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटे झालेली असतात. कोडमध्ये तारीख त्या वेळेवरून थेट काढलेली होती, म्हणून साडेपाचच्या आधी आलेले प्रत्येक माप आदल्या दिवशी जमा होत होते. हिवाळ्यात संकलन सहाच्या पुढे सुरू होत असे, त्यामुळे कोणाला कळले नाही. उन्हे तापू लागली, दूध नासू नये म्हणून संस्थांनी वेळ पाचवर आणली, आणि चूक बाहेर पडली. इतर दिवशी ती दोन तारखांमधली अदलाबदल होती. अकरा तारखेला मात्र दोन बिलांची सीमा असते.

आणि चाचणी? सर्व्हरवर ती कधीच नापास होणार नव्हती, कारण तिथे यंत्राचे घड्याळही यूटीसीत चालते आणि 'आज' दोन्हीकडे एकच असतो. माझ्या लॅपटॉपवर ती मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत नापास होणार होती आणि उरलेले साडेअठरा तास उत्तीर्ण. ती फ्लेकी नव्हती. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मिनिटापर्यंत ती अचूक खरे सांगत होती आणि ते ऐकायला तिथे एकदाच कोणी होते. त्या संस्थेत मी स्वतः गेलो, सचिवांच्या शेजारी बसून एकेका सभासदाची नोंद दुरुस्त केली, आणि पाच महिने माझ्याजवळ याचे उत्तर होते हे त्यांना सांगितले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आता कळलं ना, मग झालं." मला ते तेवढ्याने झाल्यासारखे वाटले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे चाचणीत 'आत्ता' हा शब्द चालत नाही. घड्याळ कोणत्या क्षणी उभे आहे हे चाचणीने स्वतः सांगायचे. शिवाय रात्री संपूर्ण संच दोनदा चालतो: कमांडच्या आधी टीझेड हे कोणत्या प्रदेशाची वेळ धरायची ते सांगणारे चल लिहून एकदा यूटीसी आणि एकदा एशिया, तिरकी रेघ, कोलकाता. चार मिनिटांची आठ झाली. कोणत्या चाचण्या सर्वांत हळू आहेत ते दाखवणारा 'ड्युरेशन्स' पर्याय देऊन आम्ही त्यांतली दोन परत मिळवली. एफ आला आणि पुन्हा चालवल्यावर गेला, तर तो का गेला हे लिहिल्याशिवाय पुढचे कमिट करायचे नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला होता. आता तो सगळ्यांचा झाला आहे.

याच नियमामुळे पुढे कऱ्हाड सापडले. तालुक्यांच्या यादीतला कऱ्हाड आणि सभासदाच्या पत्त्यातला कऱ्हाड एक आहेत का, एवढेच विचारणारी चाचणी नापास झाली आणि टर्मिनलने दोन शब्द एकाखाली एक ठेवले. अक्षर अन् अक्षर सारखे. दोन्हींची लांबी मोजली तर एकाची ६ आली आणि दुसऱ्याची ७. ऱ्ह लिहिताना लागणारा ऱ युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत एकसंध अक्षर म्हणून आहे, आणि र खाली नुक्ता देऊनही तोच लिहिता येतो. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. एनएफसी या प्रमाणरूपात आणल्यावर ते जुळले. मग तिसरा कऱ्हाड आला, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक अशा पद्धतीने कोणीतरी टाइप केलेला, आणि त्याला एनएफसी एकत्र आणत नाही. पायथनने मात्र तो अदृश्य जोडक २००डी या त्याच्या युनिकोड क्रमांकाने उघड छापून दाखवला, म्हणून शोध लवकर संपला. आपल्या भाषेतल्या या खाचाखोचा परक्या भाषेत लिहिलेल्या कोणत्याही तयार चाचणीसंचात मिळणार नाहीत. वाऱ्यावर, दुसऱ्या, सुऱ्या, गिऱ्हाईक असे शब्द रोज लिहिणाऱ्यांनीच त्या चाचण्या लिहायला हव्यात, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक प्रणालीत त्या असाव्यात असे मला मनापासून वाटते.

पहाटेच्या त्या चुकीसाठी लिहिलेल्या चाचणीचे नावही मी मराठीत ठेवले आहे. पायथनला देवनागरीतले नाव चालते, फक्त सुरुवातीला 'टेस्ट' हवे. पुढे 'अकरा तारखेची पहाट', शब्दांच्या मध्ये अधोरेषा. एकदा तिच्यापुरतेच चालवावे म्हणून नावाने निवडण्याचा 'के' पर्याय देऊन पुढे 'पहाट' लिहिले, तर पायटेस्टने ४ हा आकडा दिला आणि काना हे चिन्ह अनपेक्षित असल्याचे सांगितले. शब्दात कोणती अक्षरे येऊ शकतात याचा जो नियम ती पायथनकडून घेते त्यात प आणि ह बसतात, पण काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. फाइलचे नाव, कोलनचे चिन्ह दोनदा आणि चाचणीचे पूर्ण नाव दिले की ती चालते. मी नाव बदलले नाही.

त्या चाचणीत घड्याळ अकरा एप्रिलच्या पहाटे ५ वाजून १० मिनिटांवर थांबवलेले आहे. रांगेत पहिला असलेला सभासद बारा लिटर दूध घालतो आणि त्याची पावती अकरा तारखेची निघते. त्यानंतर ५ वाजून २८ मिनिटांनी आणखी एक, आणि ५ वाजून ३२ मिनिटांनी तिसरा. तिघेही एकाच बिलात येतात. काल रात्री दोन्ही घड्याळांवर ती चालली, तिच्या जागी ठिपका पडला, आणि पाच वाजता नवी आवृत्ती गावांकडे गेली.